ना हरकत

रोलाच्या टायपिंग सेंटरात
बाबूकुट्टीनं कागद पुढे सरकवला:
मी, खाली सही करणार, दिगंबर खरमाटे,
माझ्या पत्नीनं नोकरी करण्यास
माझी कसलीही हरकत नाही.

दिगंबरनं न वाचताच सही ठोकली.
खाली गाडी भलत्या जागी लावली होती.

हरकत त्याला घरी असते.
एसी बावीसवर ठेवण्याला,
बाल्कनीत वाळणाऱ्या परकराला,
दंड कोण भरणार, तुझा बाप?
आमटीत आमसूल जास्त पडण्याला.
कागदावर मात्र मोठा मोकळा माणूस.

अबू शगाऱ्याच्या दातांच्या लॅबमध्ये
मालक म्हणाला, नवऱ्याच्या व्हिसावर? छान, फारच छान.
म्हणजे व्हिसाचा खर्च नको, विमा नको, तिकीट नको.
म्हणजे पाचशे कमी.

हुंड्याच्या याद्या ऐकून होते बार्शीत.
लग्न झालंय म्हणून पगारातून पाचशे कापलेले
पहिल्यांदाच पाहिले.

तेव्हापासून दात करते.
ब्रशच्या टोकानं पोर्सेलिनचा थर, भट्टी, पुन्हा थर.
ए-टू, ए-थ्री,
चहा पिणाऱ्याचा, हुक्का ओढणाऱ्याचा.
कुणा इजिप्तच्या मास्तराची दाढ,
अजमानच्या नवरीचे पुढचे चार.
ज्यांचं तोंड कधी बघणार नाही
त्यांच्या हसण्यात माझी दुपार बसवलेली.
आणि माझ्या ओळखपत्रावर: गृहिणी.

आपलेच दात, आपलेच ओठ,
आई फोनवर म्हणते, कुठं बोलू नये.
मी म्हणते, आई, इथे दात माझे असतात,
ओठ कुणाचे ते कळतच नाही.

शेजारच्या टेबलावरची रीम अलेप्पोची.
हरकत हा शब्द तिला ओळखीचा वाटला.
आमच्यात हरका म्हणजे हालचाल, ती म्हणाली,
आणि अक्षराच्या डोक्यावर, पायाशी
बारक्या रेघा असतात ना, त्यासुद्धा.
त्यांच्यावाचून अक्षर मुकं.
पण लिहीत कुणी बसत नाही,
वाचणारा आपल्या मनानं भरून घेतो.

त्या रात्री भांडी घासताना
ना हरकत, ना हरकत
असं म्हणून पाहिलं. दोन्ही भाषांत.
कढईचा तळ काही निघाला नाही.

फेब्रुवारीत त्याची कंपनी बसली.
त्याचा कागद रद्द झाला की
त्याला टाचलेला माझाही होणार,
हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, कुणी बोललं नाही.
फ्रिजवरच्या कॅलेंडरवर तो रोज एक फुली मारायचा,
मग तेही सोडून दिलं.
एका रात्री भिंतीकडे तोंड करून म्हणाला,
तुझा मालक देईल का गं तुला व्हिसा?

दिला. दर महिन्याला कापून घेत दिला.

मग तो माझ्या नावाखाली आला.
मग त्याला एक गोदामातलं काम मिळालं,
आणि पुन्हा रोला, पुन्हा बाबूकुट्टी.
त्यानं जुनाच कागद कॉम्प्युटरवर उघडला,
नावं उलटी केली, एका जागी राहून गेलं:
मी, उल्का खरमाटे,
माझी पत्नी दिगंबर हिनं नोकरी करण्यास.

सॉरी चेची, बाबूकुट्टी ओशाळला.
दिगंबर आधी हसला. मोठ्यांदा.
वरचा डावा सुळा पिवळा पडलाय त्याचा,
ए-थ्री-पॉइंट-फाइव्ह.
बारा वर्षांत मी कधी शेड लावून पाहिली नव्हती.

दुरुस्त कागद आला, गरम होता अजून.
मी वाचायला घेतला, पहिल्या ओळीपासून.
तो खिडकीतून खाली बघत होता.
पार्किंगची सात मिनिटं राहिलीत, म्हणाला.
मग म्हणाला, चार.

मी दुसऱ्या परिच्छेदावर होते.